कीमा, कसील आणि मुरादचे डोळे

शनिवार, ५ मे

आज अख्ख्या गावाने शब्बाथ मोडला आणि गावाला त्याचा पत्ताच नाही!

मला आहे. मला एकटीला. पोटात ठेवलं तर फुटेन, म्हणून इथे लिहिते. मराठी वाचणारं या इमारतीत आता कुणी उरलं नाही, तेवढं एक बरं.

झालं असं. आज लागबाओमेरच्या सणाच्या शेकोट्या. पोरांनी आठवडाभर लाकडं जमवून सिनेगॉगच्या मागे ढीग रचलेला — फळ्या, मोडकं कपाट, कुणाच्या तरी अंगणाचं फाटकसुद्धा! पण शब्बाथ सुटेपर्यंत, म्हणजे शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसेपर्यंत, काडी ओढायची नाही. आणि आमच्या सिनेगॉगात शब्बाथ सुटतो तो मुरादच्या तोंडून. घड्याळावर नाही. मुराद आवारातल्या दगडी कट्ट्यावर उभा राहतो, मान वर करतो आणि तारे मोजतो. "एक." मग बराच वेळ नुसती मान. "दोन." आणि "तीन!" म्हटलं की गाव मोकळं — चुली, सिगारेटी, गाड्या, सगळं सुरू. छापील वेळा जेरुसलेमच्या, आभाळ आमचं, असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. या येरुहाम गावाला वाळवंटाखेरीज आहे काय? आभाळ. तेवढाच काय तो तोरा.

तर आज "तीन!" झालं, पोरं किंचाळली, ढीग भडकला. मीही गॅस पेटवला. चहा घेऊन बाल्कनीत आले, सहज वर बघते तर आभाळ अजून निळंच! पश्चिमेला शुक्र ढळढळीत. पण शुक्र मोजायचा नसतो, तो उजेडातही दिसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोक्यावर एक बारीकसा खरा तारा. आणि तिसरा? मुरादचा हात टेकडीकडे होता. टेकडीवर याच आठवड्यात फोनचा मनोरा उभा राहिलाय. त्याच्या शेंड्याला दिवा!

एक शुक्र, एक तारा, एक दिवा. झाले तीन!

मग धूर असा पसरला की कुणाला वर बघायची सोयच राहिली नाही. आमचे पूर्वज कोकणात शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. इतक्या पिढ्यांनी सांभाळलेला शब्बाथ मी आज एक कप चहापायी घालवला. चहा मात्र छान झाला होता.


रविवार, ६ मे

सांगू कुणाला? रब्बी याइरना सांगितलं तर उद्याच भिंतीवर घड्याळ लागेल. नवे आहेत, तरुण आहेत, जेरुसलेमहून येताना विजेवर चालणारी एक पाटी घेऊन आलेत. शब्बाथ कधी लागला, कधी सुटला, सगळं लाल आकड्यांत दाखवते म्हणे. अजून खोक्यातच आहे. म्हातारे लावू देत नाहीत.

वल्हांडणाच्या सणाला मला म्हणाले होते, "जेरुशाबाई, शास्त्रात ताऱ्यांची नावं आहेत. ईयोबात आहेत, आमोसात आहेत. कीमा, कसील, आयिश. पण कुठलं नाव कुठल्या ताऱ्यांचं, यावर विद्वानांचं आजतागायत एकमत नाही. घड्याळाचं तसं नसतं."

माझं आहे एकमत! मराठी शास्त्रात स्वच्छ छापलंय. कीमा म्हणजे कृत्तिका, कसील म्हणजे मृग, आयिश म्हणजे सप्तर्षी. विषय संपला. तसं त्यांना सांगितलंही. ते गोड हसले. चंद्र माझा आहे म्हणणाऱ्या पोराकडे बघून हसतात, तसं.

आणि मुरादकडून मोजणी काढून घेतली तर त्याच्याकडे राहिलं काय? बायको केव्हाच गेली. मुलगा अमेरिकेत, सणावाराला फोन. सहा दिवस गुडघे चोळत बसलेला एक म्हातारा कुर्दी. शनिवारी संध्याकाळी मात्र राजा! ते गेलं की तो खुर्चीत बसेल आणि उठणार नाही. पुरुष कसे बसतात ते मी पाहिलंय. आमचे हे रिटायर झाले आणि असेच बसले.

तेव्हा तोंडाला कुलूप.


मंगळवार, ८ मे

शुलाचा फोन. "आई, तुझी खोली रंगवून झाली." म्हटलं, वाळू दे.

माझी थोरली. अशदोदला असते. या सुट्टीत मला उचलून तिकडे न्यायचं, असं तिन्ही भावंडांनी मिळून ठरवलंय. मला विचारलं, पण ठरवल्यावर.


गुरुवार, १० मे

खात्री करून घ्यावी म्हणून संध्याकाळी पोह्यांची बशी घेऊन आवारात गेले. मुराद कट्ट्यावर एकटाच होता.

म्हटलं, "अहो मुराद, ते ईयोबातलं आयिश मला एकदा नीट दाखवा बरं. इथे प्रत्येक जण वेगळंच सांगतो."

गडी खूश! चष्मा कपाळावर, बोट वर.

"ती बघा चौकट. ते चार तारे म्हणजे आयिश, आई. मागची तिघं तिची लेकरं. देव ईयोबाला टोमणा मारतो ना, या बाईला लेकरांसकट वाटेला लावणं तुला जमेल का रे म्हणून? ती हीच. आणि ती अशी फिरत का असते, ठाऊक आहे?"

"सांगा."

"जलप्रलय आणायचा होता. देवाने कीमातले दोन तारे उपटले. पडली दोन भोकं, लागलं पाणी धो धो! मग बुजवायला काहीतरी हवं, तर आयिशची दोन लेकरं उचलून तिथे बसवली. तेव्हापासून ही कीमाच्या मागे मागे — माझी लेकरं दे, माझी लेकरं दे!"

"म्हणजे देवही इकडचं ठिगळ तिकडे लावतो म्हणायचा," मी म्हटलं. "माझ्याकडे उलटं आहे. लेकरंच माझ्यामागे लागलीत — आई दे, आई दे!"

मग मी त्याला आमच्या रेवदंड्याच्या आजीचं सांगितलं. ते चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, आणि मागचे तीन म्हणजे चोर! बाज पळवायला आलेत, पण म्हातारी जागी आहे, म्हणून नुसते घिरट्या घालतात. मुराद असा हसला की पोहे त्याच्या नाकात गेले.

"अहो, पण नक्की लेकरं की चोर?"

"एकच की! मला तीन आहेत, मला विचारा."

एवढं सगळं बोलून झालं आणि मी एकदाही वर पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलं. दुपारपासून धूळ चढलेली. आभाळ राख फासल्यासारखं. एक तारा नाही. अर्धा नाही! आणि मुरादचं बोट आई, पहिलं लेकरू, दुसरं लेकरू असं सावकाश सरकतंय. अगदी तिथेच, जिथे ती असायला हवीत.

"दिसली ना?" त्याने विचारलं.

"दिसली," मी म्हटलं.

घरी येऊन रडले. उगाच! माझा कोण लागतो तो?


शुक्रवार, ११ मे

विचार केला. तारा आला, हे त्याला गुपचूप कळवायचं कसं? शब्बाथला दिवा दाखवायचा नाही, फोन लावायचा नाही. हात हलवावा तर त्याला दिसणार नाही. ओरडून सांगावं तर सगळ्यांना कळणार. मग उरलं काय?

खोकला!

शब्बाथला एकोणचाळीस कामं वर्ज्य. मी बोटांवर मोजून पाहिली. नांगरणी आहे, विणकाम आहे, दोन अक्षरं लिहिणंही आहे. खोकणं नाही.


शनिवार, १२ मे

जमलं! खरंच जमलं.

तिन्हीसांजेला खाली गेले. बायकांच्या बाजूची एक खुर्ची ओढून बरोबर मुरादच्या कट्ट्यामागे मांडली. शुक्र होताच, त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिला खरा तारा आला, तशी मी खोकले. मुराद ढिम्म. पुन्हा खोकले, जरा जोरात. शेजारी खालच्या मजल्यावरची मसूदा बसलेली, ती म्हणाली, "पाणी देऊ?" म्हटलं, "नको गं. एकदाच आला. एकदाच!"

मुरादची मान किंचित कलली. मग — "एक."

दुसऱ्याला त्याने लगेच उचललं. तिसऱ्याला तर माझा खोकला पुरता बाहेरही पडला नव्हता आणि "तीन!"

जाताना एवढंच म्हणाला, "आठवडा सुखाचा जावो, जेरुशाबाई. हवेत धूळ फार आहे, नाही?"

"फार," मी म्हटलं. बास. यापलीकडे एक अक्षर नाही. पण आज शब्बाथ सुटला तेव्हा आभाळात तारे होते, खरे तारे, आणि गावातल्या सगळ्यांच्या चुली त्यानंतरच पेटल्या. मी कुणाला फसवलं असेन तर देवाला नाही.


शनिवार, २६ मे

मसूदाने मध, लिंबू आणि कसलासा काळा मसाला घालून बाटली आणून दिली. मोरोक्कोत हिच्या आजीकडे म्हणे खोकल्याची माणसं गाढवावर बसून यायची. बाटली ठेवली आणि ही आपली उभीच.

"एक सांग जेरुशा. हा खोकला फक्त शनिवारी संध्याकाळीच कसा गं येतो? आणि मोजून तीनदा?"

"वयाचा आहे."

"कुणाच्या वयाचा? तुझ्या की त्याच्या?"

मेली! दवाखान्याच्या रांगेत परवा दोघी मला बघून गप्प झाल्या, त्याचं कारण आज कळलं. म्हणजे खोकला कशासाठी ते कुणाला कळलेलं नाही, पण कुणासाठी ते सगळ्यांना कळलंय. बरं तर बरं. एक लपवायला दुसरं उपयोगी पडतंय.


गुरुवार, ३१ मे

संकट. टेकडीवरचा दिवा कुणाच्या तरी डोक्यात उशिरा पेटला. लागबाओमेरला मुरादचा हात तिकडे होता, असं कुणीतरी रब्बींच्या कानावर घातलं.

रब्बी वाईट माणूस नाही. सगळ्यांसमोर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मुरादकाका, या शनिवारी मी तुमच्या शेजारी उभा राहतो. माझे डोळे आणि तुमचे डोळे जुळले तर पाटी खोक्यातच राहील. नाही जुळले, तर पुढल्या शनिवारपासून घड्याळ. चालेल?"

मुराद म्हणाला, "या ना रब्बी! आभाळ मोठं आहे, दोघांना पुरेल."

सगळे हसले. मी नाही हसले. प्रार्थनेच्या शालीची घडी घालताना त्याची बोटं एकमेकांत अडकत होती.


शनिवार, २ जून

हे मला सगळं लिहायचंय. हसून हसून बरगड्या दुखतायत, तरी लिहायचंय.

आवार गच्च. एरवी घरूनच शब्बाथ सोडणारेही आज हजर. मसूदा रव्याचा केक घेऊन माझ्याशेजारी, जणू नाटक बघायला आलीये. मी भीतीने दुपारी जेवले नव्हते.

पहिला तारा. खोकले. "एक," मुराद. रब्बी वर बघत, "हो, एक."

दुसरा. खोकले. "दोन." रब्बींनी जरा शोधला. "बरोबर. दोन."

आता तिसरा यायला अवकाश असतो. पोटात कावळे कोकलत होते. मसूदाने केकचा तुकडा पुढे केला, मी तोंडात टाकला आणि रवा घशात भलतीकडे गेला!

ठसका! खरा ठसका! थांबता थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मसूदा पाठीत धपाधप धपाटे घालतेय, कुणी पाणी आणतंय, आणि माझ्या मनात एकच — मेले! आता हा तीन, चार, पाच, सहा, अख्खं आभाळ मोजून टाकणार!

कसला! गडी जागचा हलला नाही. हात पाठीमागे, मान वर, शांत.

रब्बी म्हणाले, "मला अजून दोनच दिसतात."

"मलाही दोनच," मुराद.

मी पाणी प्यायले. डोळे पुसले. वर पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या वर, सुईच्या अग्राएवढा, आत्ता होता, आत्ता नव्हता. मग पक्का झाला. मी छोटासा, कोरडा, एकच खोकले.

"तीन!" मुराद म्हणाला. "टाकीच्या वर."

रब्बी शोधतायत, शोधतायत... "कुठे? कुठे काका? ...हो! आहे! आहे!" आणि त्यांनी मुरादला मिठीच मारली. टाळ्या! पाटी खोक्यात. म्हाताऱ्यांनी लगेच अराकची बाटली उघडली.

घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले. मग हसू ओसरलं आणि एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस माझा खरा खोकला आणि खोटा खोकला नुसत्या कानाने ओळखतो. आमच्या ह्यांना अख्ख्या संसारात ते जमलं नाही. मी खरी आजारी असले की म्हणायचे, नाटकं करू नकोस.


रविवार, १० जून

शुला स्वतः आली, गाडी घेऊन. मसूदाची भाची अशदोदला असते, तिच्यामार्फत बातमी पोचलेली.

"आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, शब्बाथ सुटला."

"विनोद नको. जुलैची एक तारीख. मी येणार, तुला घेऊन जाणार. हो म्हण."

खोली चांगली आहे, मी पाहिलीये. खिडकीतून समुद्र दिसतो, बंदराचे दिवे दिसतात, नातवंडं हाताशी. तारा मात्र शोधून सापडायचा नाही. पण हे काय मुलीला सांगायचं कारण झालं? आभाळ आवडतं म्हणून मी येत नाही? आणि खरं कारण आभाळ नाहीच, हे मलाही कळतंय. शनिवारी संध्याकाळी त्या खुर्चीवर बसल्यावर मी कुणाच्या तरी कामाची असते. अशदोदला मला सगळे सांभाळतील. मला कुणी सांभाळायला नकोय!

म्हटलं, बघू.


बुधवार, १३ जून

वाटोळं केलं मी. या जिभेला हाड नाही.

सरळ मनाने, पोह्यांची बशी घेऊन कट्ट्यावर गेले होते. म्हटलं, मी गेले तर याचं काय होणार? आधी डोळ्यांचं मार्गी लावावं. म्हणून म्हटलं, "अहो मुराद, शुला मला न्यायला येतेय. मी काही इथे कायमची नाही. बीरशेवाला जाऊन डोळे दाखवा. मोतीबिंदूच असेल, हल्ली चुटकीसरशी काढतात."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही?"

"काही नाही."

इथे गप्प बसायचं होतं. पण नाही! "टेकडीवरचा दिवा तारा म्हणून मोजलात, अख्ख्या गावाने शब्बाथात होळ्या पेटवल्या, आणि म्हणे काही नाही!"

त्याचा चेहरा उतरला. त्याला हे ठाऊकच नव्हतं. लोक काहीबाही बोलतात, एवढंच त्याला वाटत होतं.

"खरंच?" त्याने विचारलं.

"खरंच."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"नाही."

"दया आली."

"दया नाही."

"मग काय?"

मी बशीतले पोहे चमच्याने सारखे करत बसले.

तो उठला. "जा तुम्ही अशदोदला. मला कुणाच्या खोकल्याची गरज नाही."

मग मीही सुटले. "जातेच! शास्त्रातला तो कसील, त्या शब्दाचा अर्थच मूर्ख, की नाही? त्याला देवाने आभाळात दोरांनी बांधून ठेवलाय ते बरं केलंय. मोकळे सुटलेले इकडे कट्ट्यावर बसतात!"

पोह्यांची बशी तिथेच राहिली.


शनिवार, १६ जून

मुराद नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला बीरशेवाला गेलाय म्हणे. रब्बींनी मोजले. बरोबर मोजले. मजा नाही.


मंगळवार, २६ जून

आला परत. मसूदाच सांगत आली. काळाकुळकुळीत चष्मा लावून बसमधून उतरला, सिनेमातल्या गुंडासारखा. ज्याला त्याला सांगतोय, शनिवारी मोजायला मी उभा राहणार. "आता काय बाई, गरुडाचे डोळे!" मसूदा म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

चांगलं झालं. अगदी खरंच चांगलं झालं. मीच जा म्हटलं होतं ना?

शुलाला फोन करून हो म्हटलं. ती फोनवर रडली. बॅगा काढल्या.


शनिवार, ३० जून

कशी लिहू!

मी खाली गेले नाही. जायचं काय कारण? बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या, उद्या शुला येणार. बाल्कनीत अंधारात बसून राहिले. आवार समोरच. मुराद कट्ट्यावर, काळा चष्मा खिशात, मान वर.

पहिला तारा आला. खोकला आपोआप घशाशी आला, तो मी गिळला. थोड्या वेळाने खालून — "एक." आपल्या आपण! मग दुसरा. जरा उशिरा, पण "दोन." दिसतंय त्याला. बरं वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं हे मला या वयात कळलं.

तिसरा आला. खाली शांत.

चौथा आला, पाचवा आला. आयिश लेकरांसकट डोक्यावर आली. आभाळ चाळणीसारखं झालं. खाली अजून "दोन"च! कुजबुज सुरू झाली. पोरं भुकेने रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अहो मुरादकाका, माझी बस चुकतेय."

रब्बी हळूच म्हणाले, "काका, मला तीस दिसतात."

"तुम्हाला दिसत असतील, रब्बी. मी दोनवर आहे."

"काका..."

"मी दोनवर आहे!"

मसूदाने काय करावं? उठली, कमरेवर हात ठेवले आणि थेट माझ्या बाल्कनीकडे तोंड करून ओरडली, "जेरुशा! खाली ये गं बाई! तुझ्यापायी आज आमचा रविवार लागत नाही!"

झालं! सगळ्या माना माझ्याकडे. ताऱ्यांकडे बघणारं कुणी उरलं नाही. मी घरातल्या सपातांवर तशीच खाली उतरले. कट्ट्यामागे जाऊन उभी राहिले. आणि आता खोकला येईना! अख्खं गाव श्वास रोखून माझ्या खोकल्याची वाट बघतंय, आणि तो येईना!

शेवटी आला. चिमणीएवढा.

"तीन!"

शिट्ट्या काय, टाळ्या काय! रब्बी तोंडावर हात धरून हसत होते. मुरादने वळून पाहिलं. मी पळाले घरी.

आरशात बघितलं. कानापर्यंत लाल, या वयात! बॅगांकडे बघवत नाही. उद्या शुलाला काय सांगू? की एका माणसाने माझ्यासाठी अख्ख्या गावाचा शब्बाथ अडवून धरला? आजवर माझ्यासाठी कुणी साधी बस थांबवली नव्हती.


रविवार, १ जुलै

सकाळी मुराद दारात. "एक सांगायचंय. ऑपरेशन झालंच नाही. ते टेबल पाहिलं आणि पळालो. इतके दिवस मावसभावाकडे लपून होतो. चष्मा बसस्टँडवर घेतला."

"मग काल एक, दोन कसे मोजलेत?"

"अंदाजाने. तेवढ्या वेळात दोन येतातच."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यावर सगळ्यांचा शब्बाथ असतो, जेरुशा. तो अंदाजाने म्हणायचा नसतो. तुमच्या खोकल्यासाठी थांबलो. रागावलेल्या असल्या तरी मागे खुर्चीवर असणारच, असं वाटलं. नाही आहात, हे मला कुठे दिसत होतं?"

आणि मी वेडी रात्रभर जागी!

शुला आली. बॅगा उचलायला लागली. म्हटलं, त्या राहू देत, मी कुठे जात नाही. आधी गाडी वळव, याला बीरशेवाला न्यायचाय. मी मागे बसते त्याच्याशेजारी, पळाला तर धरायला.